आपोआप परत आलेला ब्रेक

प्रश्न : आम्ही गडहिंग्लजला राहतो. मी शाळेत शिकवते, मिस्टर बँकेत आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही घेतली. जानेवारी २०२० ची, एमएच-०८ पासिंग, ७१,००० किलोमीटर झालेली, ६ लाख ४० हजारांना. डिसेंबरात मुलांना घेऊन मालवणला निघालो. आंबोली घाट अर्धा उतरलो आणि ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडून पार तळाला गेलं. ह्यांनी हँडब्रेक ओढत गाडी डोंगराकडच्या चरीत घातली. कुणाला लागलं नाही. अर्ध्या तासाने ब्रेक आपोआप नीट लागायला लागला. सावंतवाडीच्या गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइल थोडं कमी आहे म्हणून वरून घातलं आणि 'आता बिनधास्त जा' म्हणाला.

फेब्रुवारीत एकदा सकाळी सातला ह्यांनी गाडी चालू केली आणि लगेच अंगणातून मागे काढली. आमच्या दारात उतार आहे. या वेळी पेडल उलट दगडासारखं कडक झालं. गाडी समोरच्यांच्या फाटकावर जाऊन आदळली. पाच मिनिटांनी परत सगळं ठीक. शिवाय एबीएसचा पिवळा दिवा गाडी घेतल्यापासून अधूनमधून लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून 'काही एरर नाही' सांगितलं. डीलर म्हणतो, वॉरंटी फक्त इंजिन-गिअरबॉक्सची. दीर म्हणतात, चूक चालवणाऱ्याची, हे घाटात गाडी न्यूट्रलला सोडतात. हे म्हणतात, गाडीच फसवी. सासूबाई म्हणतात, गाडी आपल्याला लाभत नाही, काढून टाका. आरसी अजून आमच्या नावावर व्हायची आहे. गाडी ठेवावी की विकावी?

उत्तर : ताई, ठेवायची की विकायची हे नंतर बघू. आधी एक करा. हे उत्तर वाचून होईपर्यंत गाडी जिथे उभी आहे तिथेच राहू द्या. गॅरेजला न्यायची तर टोइंग करून न्या, किंवा मिस्त्रीला घरी बोलवा. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम असेल तर टोइंगचे पैसेही लागणार नाहीत.

आता तुमचं पत्र. तीस वर्षं कराडला गॅरेज चालवलं, त्यात 'ब्रेक फेल झाला' हे वाक्य किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. पण त्या वाक्यातून मिस्त्रीला काहीच कळत नाही. कळतं ते 'पेडल कसं लागलं' यावरून, आणि तुम्ही ते लिहिलंत, तेही दोन्ही वेळचं. एकदा मऊ होऊन तळाला गेलं, एकदा दगडासारखं कडक झालं. हे एकाच दुखण्याचे दोन झटके नाहीत. वेगवेगळी दोन दुखणी एका गाडीत नांदतायत. घरात भांडण पेटलंय ते म्हणूनच. मिस्टर एका प्रसंगावरून बोलतात, दीर दुसऱ्यावरून.

आंबोलीचं आधी घेतो.

तुम्ही पाय दाबता तेव्हा पेडलमागचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल पाइपांतून पुढे ढकलतो आणि ते ऑइल चाकापाशी पॅडला डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, दाबतं. पातळ पदार्थ दाबला तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोचतो. या ऑइलला एक खोड आहे, ते हवेतली ओल शोषून घेतं. बरणी उघडी राहिली की मीठ पाणी धरतं ना, तसंच. डॉट-४ प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक सांगतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट-३ असेल तर २०५ वरून १४० वर. तेवढ्याशा पाण्याने पासष्ट-पंच्याहत्तर अंश गेले! आणि हे पाणी कुणी ओतत नाही. रबरी होज (नळी) आणि ऑइलच्या डबीच्या झाकणातून ते दोन-तीन पावसाळ्यांत आपलं आपण मुरतं.

आता घाट. गाडी, पाच माणसं, टपावरचं सामान धरून सोळाशे किलो धरू. अर्धा किलोमीटर उंची उतरताना एवढ्या वजनातून जी ऊर्जा निघते तिच्यावर साधारण पंचवीस लिटर पाणी उकळेल. आंघोळीचा बंब भरून पाणी! त्यातला काही भाग वारा घेतो, गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन घेतं. गाडी न्यूट्रलला असेल तर जवळजवळ सगळा बंब चार चाकांच्या ब्रेकवर तापतो, आणि त्यातही पुढच्या दोन डिस्कवर जास्त. डिस्कची उष्णता पॅडमधून कॅलिपरला (पॅड दाबून धरणाऱ्या चिमट्याला), कॅलिपरमधून ऑइलला. मुरलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, पण वाफ दबते. पाय जातो तो वाफ दाबण्यात आणि पेडल तळाला टेकतं. अर्ध्या तासाने कॅलिपर गार झाला, वाफेचं पुन्हा पाणी झालं, ब्रेक 'आपोआप' आला. तुमच्या पत्रात मला सगळ्यात भीती वाटली ती याच शब्दाची. ब्रेक परत आला, पण आत काहीच बदललं नाही. तेच ऑइल, तेच पाणी, आणि वरून त्याच्यावर चार चमचे नवं.

सावंतवाडीच्या त्या गॅरेजवाल्याला मी फार बोल लावणार नाही, कारण तसं मीही केलंय. गॅरेज टाकून दोनेक वर्षं झाली असतील. कुंभार्ली घाटातून चिपळूणला माल घेऊन जाणारी एक जीप आली होती, 'उतरताना ब्रेक मऊ लागतो' म्हणून. डबीत ऑइल कमी दिसलं. मी वरून घातलं, चार वेळा पेडल मारून बघितलं, 'जावा बिनधास्त' म्हणालो. तिसऱ्या दिवशी तीच जीप घाटाच्या मधल्या वळणावर कठड्याला घासत थांबली. ड्रायव्हर संध्याकाळी दारात उभा राहिला तेव्हा एक शब्द बोलला नाही. ब्रेक लायनर जळल्याचा वास त्याच्या शर्टाला येत होता. त्या दिवसापासून ऑइल कमी दिसलं तर ते का कमी झालं हे कळल्याशिवाय मी घातलं नाही.

कमी होण्याची कारणं दोनच. एक तर पॅड झिजलेत. पॅड पातळ झाला की कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि ऑइल त्याच्या मागे जाऊन बसतं. नाहीतर कुठेतरी गळतंय. मागच्या ड्रमच्या आतला व्हील सिलिंडर पाझरत असेल तर बाहेरून काही दिसत नाही, ड्रम उतरवावाच लागतो. म्हणून तुमच्या गाडीची चारही चाकं खोलायची. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचाच. डिस्कची किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. मिस्त्री नुसता बोटाने चाचपून 'चालेल' म्हणाला तर व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) लाव म्हणावं.

ऑइलचं म्हणाल तर डबीचं झाकण उघडून बघा. कोरं ऑइल फिकट मधासारखं दिसतं. तुमचं टपरीवरच्या कडक चहासारखं दिसत असेल तर आणखी पुरावा शोधायला नको. ते सगळं काढून नवं भरायचं, चारही चाकांतून जुनं बाहेर पडेपर्यंत. 'एअर काढली', म्हणजे नुसते पाइपातले बुडबुडे काढले, एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत झाकणावर लिहिलेली असते, तीच घ्यायची आणि सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावायची. अर्धी वापरून शेल्फवर ठेवलेली बाटली म्हणजे आधीच पाणी प्यालेलं ऑइल. काही गाड्यांत एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेलं जुनं ऑइल काढायला स्कॅनर जोडावा लागतो, तेही विचारून घ्या. एवढं करून खर्च हजार-दीड हजाराच्या घरात. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी किंवा चाळीस हजार किलोमीटरला हे करायला सांगतात. जुन्या गाडीत ते कधी झालं हे सांगणारा कागद क्वचितच मिळतो. म्हणून गाडी घेतल्याच्या आठवड्यातच इंजिन ऑइलसोबत ब्रेक ऑइलही बदलून टाकायचं, कुणाला न विचारता.

म्हणजे आंबोलीत दीर बरोबर होते का? निम्मे. चांगलं ऑइल असतं तर न्यूट्रलच्या खोडीसकट तुम्ही खाली पोचला असता कदाचित. आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असती तर त्या जुन्या ऑइलवरही पोचला असता. दोन्ही एकत्र आलं तिथे पेडल गेलं. मिस्टरांना हे मात्र जरूर वाचून दाखवा. न्यूट्रलने इंधन वाचतं हा कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाड्यांच्या जमान्यातला हिशेब आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंदच होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे ब्रेकही जातो आणि डिझेलही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हा डिझेल वाचवायला चालकाने इंजिनच बंद केल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आमच्याकडे एसटीचे जुने ड्रायव्हर सांगत आणि त्यात आजही काना-मात्रा बदलायची गरज नाही. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, नीट दाबून, आणि मग सोडून द्यायचा. पायाचं वजन पेडलवर टेकवून अख्खा घाट उतरणं म्हणजे चूल विझू न देणं.

आता फेब्रुवारीची सकाळ. इथे मिस्टरांची चूक फार तर घाईची. दुखणं गाडीचं आहे.

कडक पेडल म्हणजे ऑइलचा दोष नाही. पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मध्ये तव्याएवढा गोल काळा डबा असतो, तो बूस्टर. त्याच्या आतली हवा ओढून घेतलेली असते आणि त्या पोकळीच्या जोरावर तुमच्या पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. डिझेल गाडीत ही हवा ओढायला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. काही गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. पंपापासून बूस्टरपर्यंत एक होज जातो आणि त्यात एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद केल्यावरही पोकळी टिकून राहावी हे त्या व्हॉल्व्हचं काम. तो व्हॉल्व्ह, होज किंवा बूस्टरचा पडदा झिरपत असेल तर रात्रभरात डबा हवेने भरतो. सकाळी इंजिन चालू करून पंपाला चार श्वासही न देता तुम्ही उताराला लागलात, तर पाय नुसत्या माणसाच्या जोरावर ब्रेक मारतो. पाच मिनिटांत पंपाने हवा ओढली, पेडल मऊ. पुन्हा 'आपोआप'!

हा माझा अंदाज आहे, पण तो तपासायला मिस्त्री लागत नाही, तुम्हीच तपासू शकता. रात्री गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी ब्रेकवर पाय ठेवून पहिला दाब द्या आणि नीट लक्ष द्या. बूस्टर धडधाकट असेल तर पहिले दोन-तीन दाब मऊ, नेहमीसारखे जातात आणि मग पेडल कडक होत जातं. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर रात्रीत पोकळी गेली. मग दुसरी परीक्षा. पेडल पाच-सहा वेळा दाबून पूर्ण कडक करा, गाडी न्यूट्रलला आणा, हँडब्रेक तसाच, पाय पेडलवर रोवून इंजिन चालू करा. क्षणात पेडल पायाखाली थोडं खचायला हवं. खचलंच नाही किंवा खचायला वेळ लागला तर पंप किंवा होज. आणि तिसरी, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून निसटतोय किंवा कुठे गळती आहे. मग हा तिसरा आजार. तो नसावा अशी आशा धरू.

होज बघताना उंदरांना विसरू नका. अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे होज आणि वायरी कुरतडणं हा आपल्याकडचा नित्याचा उद्योग आहे, आणि बारीक छिद्र नजरेला दिसत नाही, इंजिन चालू असताना फुसफुस ऐकू येते.

तिसरा प्रश्न एबीएसच्या दिव्याचा. नुसता पिवळा दिवा लागला असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होण्यापासून वाचवणारी यंत्रणा बंद असते. पावसात ओल्या रस्त्यावर फरक तिथे पडतो. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र तिथेच बाजूला घ्यायची. अधूनमधून लागणारा पिवळा दिवा बहुतेक वेळा चाकापाशी असलेल्या सेन्सरच्या वायरीत किंवा त्याच्या जोडात निघतो.

आणि इथे मला तुमच्या 'एमएच-०८' वर थांबावंसं वाटतं. हे रत्नागिरी जिल्ह्याचं पासिंग. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तुमची गाडी दीड वर्षाची होती. रत्नागिरी जिल्हा दापोलीपासून राजापूरपर्यंत पसरलाय, तेव्हा गाडी पुरातलीच असं मी अजिबात म्हणत नाही, नुसती खाऱ्या हवेत वाढलेलीही असेल. पण बघायला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढून बाहेर काढा. बेल्टचा आतला भाग कुणी धूत नाही, तिथे मातकट रेघ दिसली तर समजा पाणी कुठपर्यंत आलं होतं. स्टेपनी उचलून तिच्या खाचेत बोट फिरवा, सीटच्या खालच्या बोल्टांचा गंज बघा, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट भुकटी आहे का बघा. आणि आरसीवरच्या मालकाला किंवा त्याच्या विमा कंपनीला २०२१ साली क्लेम झाला होता का विचारा. बूस्टर, एबीएसचं युनिट, सेन्सर हे पुराच्या पाण्यात एकदा भिजले की असेच वागतात, आज ठीक, उद्या नाही. पुराचा पुरावा मिळाला तर तुमच्या 'ठेवू की विकू' ला माझं उत्तर एकदम बदलतं. मग दुरुस्तीवर एक रुपया घालू नका. गाडी डीलरला परत द्यायच्या मागे लागा.

सर्व्हिस सेंटरच्या 'काही एरर नाही' बद्दल. स्कॅनर लावणारा मुलगा पुष्कळदा फक्त इंजिनाचं मॉड्यूल वाचतो. एबीएसचं मॉड्यूल वेगळं असतं, ते वेगळं निवडावं लागतं, आणि त्यात आत्ताच्या दोषांबरोबर पूर्वी येऊन गेलेल्या दोषांचीही नोंद राहू शकते. जुन्या ऑइलमुळे मऊ पडणारा ब्रेक किंवा फाटलेला होज तर बहुतेक गाड्यांत स्कॅनरला दिसतच नाही, ते हातानेच बघावं लागतं. म्हणून पुन्हा जाल तेव्हा जॉब कार्डवर 'ब्रेक चेक' एवढं लिहू देऊ नका. हे लिहा: 'घाटात पेडल तळाला गेले, गार झाल्यावर परत आले. सकाळी पहिल्या स्टार्टला पेडल कडक, गाडी थांबली नाही. एबीएस दिवा अधूनमधून. चारही चाके खोलून, ब्रेक ऑइलमधले पाणी तपासून, व्हॅक्यूम व बूस्टर तपासून लेखी द्यावे. एबीएस मॉड्यूलच्या नोंदींची प्रिंट द्यावी.' सही घ्या, फोटो काढा. बदललेले जुने भाग परत मागा. आढेवेढे घेतले तर सरळ दुसरीकडे जा. शहरातला एखादा नुसती ब्रेकचीच कामं करणारा मिस्त्री अशा वेळी शोरूमपेक्षा सरस निघतो.

त्याच फेरीत चासी नंबर देऊन कंपनीकडे रिकॉलची चौकशी करा. एखाद्या भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम फुकट होतं, गाडी दुसऱ्या मालकाकडे असली तरी. सदोष गाड्यांबद्दलची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवरही नोंदवता येते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं, मात्र गाडी सात वर्षांच्या आतली हवी. तुमच्या हाताशी फार वेळ नाही.

डीलरशी बोलताना एक फरक लक्षात ठेवा. पॅड झिजले, ऑइल जुनं झालं, या गोष्टी जुन्या गाडीत असणारच. त्यांवरून भांडून फार हाती लागणार नाही. वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय तेही एकदा स्वतः वाचा, त्याच्या तोंडून ऐकू नका. पण पूर लपवला असेल, किलोमीटर मागे फिरवले असतील, 'सगळं तपासून दिलंय' असं लेखी देऊन तपासलंच नसेल, तर तो ग्राहक कायद्याचा मामला आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार द्या, बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात. नाही सुटल्या तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची, तुमच्या रकमेला शुल्क २०० रुपये, वकील लावायची सक्ती नाही. तिथे तुमच्या शब्दापेक्षा जॉब कार्ड आणि मिस्त्रीचा लेखी अहवाल बोलतो, म्हणून वर एवढं लिहून घ्यायला सांगितलं.

आणि आरसी! पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, मला मात्र तिथे घाम फुटला. गाडी घेऊन महिने उलटले आणि ती कागदावर दुसऱ्याची आहे. मालकी बदलल्यावर तीस दिवसांत घेणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं, विमा नावावर करायला चौदा दिवस असतात. समोरच्यांच्या फाटकाचं भागलं, पण आंबोलीत चरीऐवजी दुसऱ्या गाडीवर गेला असता तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने फेटाळला असता आणि जुना मालक कोर्टाच्या फेऱ्या मारत बसला असता. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म डीलरकडे सह्या होऊन पडले असतील, उद्याच जाऊन विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते त्याच्याकडे आहे का तेही बघायला मागा. नसेल तर तुमचं बोलणं तो जरा जास्त लक्ष देऊन ऐकेल.

देव न करो, पण पुन्हा तसं झालंच तर काय करायचं हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. पेडल मऊ गेलं तर भराभर पंप मारायचे, थोडा दाब परत मिळतो. गिअर एकेक करून खाली आणायचे. हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून टप्प्याटप्प्याने ओढायचा. एका झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते. मिस्टरांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली ते शंभर टक्के बरोबर केलं. पेडल कडक झालं तर पंप मारू नका, उरलीसुरली पोकळी त्यात जाते. दोन्ही पायांनी, सीटला पाठ रेटून, असेल नसेल तेवढा जोर एकदाच लावायचा. ब्रेक लागतो, नुसता जड लागतो. आणि दोन्ही वेळेला किल्लीला हात लावायचा नाही. इंजिन बंद केलं की बूस्टरची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. पुराची खूण निघाली नाही, ऑइल बदलून आणि बूस्टरचा दोष सापडून तो दुरुस्त झाला, तर गाडी ठेवा. ७१,००० किलोमीटरच्या डिझेल इंजिनाचं बरंच आयुष्य शिल्लक असतं, आणि ब्रेकची यंत्रणा ही गाडीतली सर्वात सरळ दुरुस्त होणारी गोष्ट. आत्ता, दोष न शोधता विकाल तर भाव पडेल ते वेगळंच, पण घेणाराही पोराबाळांना घेऊन कुठल्यातरी घाटात जाणार आहे. विकायचीच ठरली तर जे मला पत्रात लिहिलंत ते त्यालाही सांगा. दुरुस्तीनंतर लगेच मालवणला निघू नका. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगाने दहा-बारा वेळा ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का, थरथरते का. मग जवळचा एखादा लहान उतार, मग घाट.

सासूबाईंना सांगा, लिंबू-मिरची बांधायला हरकत नाही. तुम्ही मात्र उद्या सकाळी चहाच्या आधी, इंजिन चालू न करता, त्या पेडलवर पाय ठेवून पहिला दाब मऊ गेला की कडक, एवढं मला एका ओळीत कळवा.